दंतरोपण व मुखातील सूक्ष्मजंतू

नैसर्गिक दात पडल्यावर किंवा काढून टाकल्यावर त्याच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचा खुंट बसवून त्याच्या आधारावर कृत्रिम दात उभा करण्याच्या शस्त्रक्रियेस दंतरोपण म्हणतात. व्यवहारात या खुंटास ‘इंप्लांट’ हेच नाव रूढ आहे. खुंट बहुधा टिटॅनियम धातूचा असतो. त्याला कीड लागत नाही, त्यात तंत्रिका (मज्जा) नसल्याने तो ठणकत नाही आणि हाडाशी तो घट्ट सांधला जातो. तथापि त्याचा वरचा भाग हिरडीतून मुखात आलेला असतो व लाळेतून येणारे सूक्ष्मजंतू त्यावर वस्ती करतात. त्यांमुळे खुंटाभोवतीच्या मऊ ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहात) शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न होतो आणि तो खोलवर गेल्यास खुंटाला धरून ठेवणारे हाड झिजते. या दुसऱ्या अवस्थेस परिरोपण शोथ म्हणतात. दंतवैद्यकात या विकाराची जाणीव होण्यास दीर्घकाळ लागला. मुखातील सूक्ष्मजंतूंचा अभ्यास व दंतरोपणाचे तंत्र यांची वाटचाल पुष्कळ काळ स्वतंत्रपणे होत राहिली, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

मुख, लाळ व सूक्ष्मजंतू : लाला ग्रंथींत लाळ तयार होते, त्या वेळी तिच्यात सूक्ष्मजंतू जवळजवळ नसतात. मुखात आल्यावर जीभ, गाल, घसा, दात व हिरड्या यांच्या पृष्ठभागांवरून सुटलेले सूक्ष्मजंतू तिच्यात मिसळतात. त्यांचा मोठा भाग जिभेच्या खडबडीत पृष्ठावरून आलेला असतो. प्रौढ व्यक्तीच्या मुखात दिवसाकाठी सु. अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते आणि तिच्या दर मिलिलिटरात सु. १० कोटी सूक्ष्मजंतू आढळतात. मानवी मुखातून आतापर्यंत सु. ७०० जातींची नोंद झाली आहे. मात्र कोणाही एका व्यक्तीच्या मुखात त्यांपैकी काहीच जाती असतात. लाळेला सूक्ष्मजंतूंचे मूळ वसतिस्थान म्हणण्यापेक्षा त्यांना एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारे माध्यम म्हणणे अधिक योग्य ठरते.

लाळेचे कार्य दुहेरी असते. तिच्या प्रवाहाने सूक्ष्मजंतू धुतले जाऊन गिळले जातात. लायसोझाइम, लॅक्टोफेरीन व प्रतिपिंडे या तिच्यातील द्रव्यांमुळे त्यांच्या वाढीस आळाही बसतो. उलटपक्षी लाळेतील प्रथिने दाताच्या व धातूच्या स्वच्छ पृष्ठावर काही मिनिटांतच चिकटून अतिशय पातळ पापुद्रा तयार करतात आणि हाच पापुद्रा सूक्ष्मजंतूंना बूड टेकण्यास आधार देतो. प्रथम मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस वंशातील गोलाकार सूक्ष्मजंतू त्यावर चिकटतात. त्यांना फ्यूजोबॅक्टीरियम न्यूक्लिएटम यासारखे लांबट जंतू जोडले जातात व थर जाड होत गेल्यावर तळाशी ऑक्सिजन पोहोचेनासा होऊन अनॉक्सिजीवी (ऑक्सिजनरहित परिस्थितीत वाढणाऱ्या) जातींना अनुकूल स्थिती निर्माण होते. या मऊ थरास दंतलेप म्हणतात. त्यात खनिज लवणे साचून तो कठीण झाला म्हणजे त्याचे कीटण बनते.

सूक्ष्मजंतूंचे प्रथम दर्शन : दातांवरील लेपात सजीव असतात, हे प्रथम डेल्फ्ट (नेदर्लंड्स) येथील आंतॉन व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीस १७ सप्टेंबर १६८३ रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी या निरीक्षणांचे वर्णन केले. ते स्वतः दररोज मिठाने दात घाशीत व कापडाने पुसत. तरीही दातांच्या फटींत त्यांना भिजवलेल्या पिठासारखा पांढरा पदार्थ आढळला. पावसाच्या पाण्यात किंवा लाळेत तो कालवून स्वतः घासलेल्या भिंगातून पाहता त्यात अनेक सूक्ष्म प्राणी वेगाने हालचाल करताना दिसले. कधीही दात न घासलेल्या एका वृद्धाच्या दातांवरील लेपात तर त्यांची संख्या फारच मोठी होती.

याच पत्रातील एक प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. लेव्हेनहूक यांनी तीव्र व्हिनेगराने खळखळून चूळ भरली व नंतर दातांवरील लेप तपासला. त्यातील असंख्य जंतू जिवंतच होते. परंतु लेप पाण्यात कालवून त्यात थोडेसे व्हिनेगर मिसळताच जंतू मेले. यावरून व्हिनेगराने केवळ लेपाच्या बाहेरच्या बाजूचे जंतू मरतात व ते लेपाच्या आत शिरू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. थर करून राहणारे सूक्ष्मजंतू द्रवात सुटे तरंगणाऱ्या सूक्ष्मजंतूंपेक्षा औषधांना पुष्कळ अधिक दाद देत नाहीत, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात सूक्ष्मजंतुशास्त्रात प्रस्थापित झाले. त्याची पहिली खूण या चूळ भरण्याच्या प्रयोगात सापडते. मात्र पुढील सु. दोनशे वर्षे या निरीक्षणाचा दंतवैद्यकास काहीही उपयोग झाला नाही. कारण हे प्राणी रोग निर्माण करीत असतील ही कल्पनाच त्या काळी रुजलेली नव्हती.

मिलर, ब्लॅक व हंटर : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लूई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनामुळे रोगजंतूंचा सिद्धांत मान्य झाला. कॉख यांच्या पद्धती मुखाच्या अभ्यासास लावण्याचे श्रेय बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी डेटन मिलर (१८५३–१९०७) यांना जाते. मुखातील सूक्ष्मजंतू पिष्टमय व शर्करायुक्त अन्नाच्या कणांपासून अम्ल तयार करतात आणि त्या अम्लाने दाताचे कठीण आवरण विरघळते, असे त्यांनी दाखविले. मानवी मुखातील सूक्ष्मजीवांवरील त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. अमेरिकन दंतवैद्य ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी त्याच दशकात दातावर घट्ट चिकटणाऱ्या बुळबुळीत लेपाकडे लक्ष वेधले.

मुखातील जंतुसंसर्ग रक्तावाटे इतर अवयवांत रोग निर्माण करतो, असे मत मिलर यांनी १८९१ मध्ये मांडले होते. त्याचा जोरदार पुरस्कार ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर (१८६१–१९३७) यांनी १९०० पासून केला. माँट्रिऑल येथे १९१० मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी दंतवैद्यांच्या सोन्याच्या टोप्यांवर व सेतूंवर कडक टीका केली. वरून झळकणाऱ्या या कामाखाली कुजलेली मुळे व पू दडलेला असतो, असा त्यांचा आक्षेप होता. या टीकेचा परिणाम अतिरेकी झाला. इंग्लंड-अमेरिकेत पुढील दोन-तीन दशके संधिवातापासून मानसिक विकारांपर्यंत अनेक व्याधींवर उपाय म्हणून सुस्थितीतील दातही सरसकट उपटले गेले. पुरेशा पुराव्याअभावी हा प्रघात १९४० च्या सुमारास मागे पडला. तथापि कृत्रिम साधन जितके टिकाऊ तितके त्याच्या कडेचे जंतू दुर्लक्षित राहतात, हा हंटर यांच्या टीकेतील सारभाग दंतरोपणाच्या संदर्भात पुन्हा प्रत्ययास आला.

प्रारंभीची दंतरोपणे : गेलेल्या दाताच्या जागी दुसरा पदार्थ रोवण्याचे प्रयत्न प्राचीन आहेत. होंडुरसमध्ये १९३१ साली सापडलेल्या इ. स. सु. ६०० मधील एका माया जबड्यात खालच्या पटाशीच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे बसविलेले आढळले. १९७० च्या सुमारास काढलेल्या क्ष-किरण चित्रांत त्यांच्याभोवती हाड वाढल्याचे दिसले. त्यावरून ते व्यक्तीच्या हयातीतच बसविले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. आधुनिक काळात माज्जोलो यांनी १८०९ मध्ये सोन्याच्या खुंटाचे वर्णन केले. अमेरिकेत ग्रीनफील्ड यांनी १९१३ मध्ये इरिडियम-प्लॅटिनमाच्या तारांची पोकळ जाळी हाडात बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९३० नंतरच्या दशकात बॉस्टन येथे ॲल्व्हिन स्ट्रॉक यांनी कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनमाच्या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. पुढे हाडावर टेकवायच्या चौकटी (१९४० नंतर) व पात्याच्या आकाराचे खुंट (१९६० नंतर) प्रचारात आले.

यांपैकी बहुतेक साधनांभोवती हाड न चिकटता तंतुमय ऊतकाची पिशवी तयार होई. नैसर्गिक दाताभोवतीच्या तंतुबंधासारखीच ती उपयुक्त आहे, असे काही तज्ञ मानीत. प्रत्यक्षात चावण्याच्या दाबाने खुंट हलू लागे, तंतुमय पिशवी सैल पडे, मुखातील जंतू तिच्यात उतरत आणि अखेर पू होऊन खुंट काढावा लागे. या अपयशाचे खापर धातूवर, खुंटाच्या आकारावर किंवा दंतवैद्याच्या कौशल्यावर फोडले जाई. सूक्ष्मजंतूंचा पद्धतशीर विचार त्या काळी झाला नाही.

ब्रोनेमार्क यांचे कार्य : स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) हे १९५२ मध्ये लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टिटॅनियमाची नळी प्रयोगानंतर त्यांना काढता येईना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. या निरीक्षणाच्या आधारे त्यांनी गोथेनबर्ग येथे १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमाचे खुंट बसविले. जिवंत हाड व धातू यांच्यातील या थेट सांध्यास त्यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. मराठीत त्यास अस्थिसंधान म्हणता येईल. त्यांच्या पद्धतीत खुंट प्रथम हिरडीखाली झाकून ठेवीत व खालच्या जबड्यात सु. ३ आणि वरच्या जबड्यात सु. ६ महिने गेल्यावर त्यावर दात चढवीत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंद्रे श्रोडर यांनी १९७६ मध्ये स्वतंत्रपणे अशाच प्रकारचा सांधा सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला.

गोथेनबर्ग येथील १५ वर्षांच्या अनुभवाचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३७१ रुग्णांच्या ४१० दंतहीन जबड्यांत बसविलेल्या २,७६८ खुंटांचा आढावा होता. पाच ते नऊ वर्षे पाहणीखाली असलेल्या गटात वरच्या जबड्यातील ८१ टक्के व खालच्या जबड्यातील ९१ टक्के खुंट स्थिर राहिले होते. पहिल्या वर्षात सरासरी दीड मिमी. हाड कमी झाले व त्यानंतर दर वर्षी केवळ ०·१ मिमी. टोरांटो येथे १९८२ मध्ये भरलेल्या परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेत व नंतर जगभर मान्यता पावली. प्रारंभीचे हे रुग्ण बहुधा पूर्णतः दंतहीन होते, खुंटांची संख्या मर्यादित होती आणि नियमित तपासणी कसोशीने होत असे. अशा रुग्णांत हिरडीला सूज असूनही हाडाची झीज वाढलेली आढळली नाही, असे याच गटाच्या १९८६ मधील पाहणीत नमूद झाले. त्यामुळे हाडाशी एकदा सांधा जुळला की सूक्ष्मजंतूंचे भय फारसे उरत नाही, असा समज दृढ झाला.

सूक्ष्मजंतूंकडे पुन्हा लक्ष : याच काळात हिरड्यांच्या रोगांविषयीचे ज्ञान वेगळ्या मार्गाने पुढे गेले होते. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल लोए व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. हिरडीच्या शोथाचे कारण दंतलेप होय, हे या साध्या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध झाले. लेपाचे प्रमाण महत्त्वाचे की त्यातील विशिष्ट जाती महत्त्वाच्या, हा प्रश्न अमेरिकन संशोधक वॉल्टर लोश यांनी १९७६ मध्ये स्पष्टपणे मांडला. पुढे १९९८ मध्ये सिग्मंड सॉक्रान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५ व्यक्तींच्या दातांवरील १३,२६१ नमुने ४० जातींसाठी तपासले. पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला व टॅनेरेला फॉर्सिथिया या तीन जाती एकत्र राहतात व खोल, रक्त येणाऱ्या हिरडीच्या कप्प्यांशी त्यांचा निकटचा संबंध असतो, असे त्यांना आढळले.

दोन्ही प्रवाह प्रथम बर्न येथे एकत्र आले. आंद्रेआ मोंबेली, निकलाउस लांग व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये यशस्वी व अयशस्वी खुंटांभोवतीच्या सूक्ष्मजंतूंची तुलना प्रसिद्ध केली. निरोगी खुंटांभोवती प्रामुख्याने गोलाकार जंतू थोड्या प्रमाणात होते. पू व हाडाची झीज असलेल्या खुंटांभोवती अनॉक्सिजीवी दंडाकार जंतू व सर्पिल जंतू मोठ्या प्रमाणात होते. त्याच रुग्णाच्या मुखातील इतर सुस्थितीतील खुंटांभोवती मात्र ते तसे नव्हते. म्हणजे हा विकार संपूर्ण मुखाचा नसून त्या त्या जागेचा जंतुसंसर्ग आहे, असे दिसून आले. स्वित्झर्लंडमध्ये इटिंगेन येथे १९९३ मध्ये भरलेल्या यूरोपीय कार्यशाळेत परिरोपण श्लेष्मकलाशोथ (केवळ मऊ ऊतकाचा व बरा होऊ शकणारा शोथ) व परिरोपण शोथ (हाडाच्या झिजेसह असणारा शोथ) यांत भेद करण्यात आला. लोए यांच्या प्रयोगाचे अनुकरण करून १९९४ मध्ये २० व्यक्तींवर तीन आठवडे स्वच्छता बंद ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यात दात व खुंट या दोहोंभोवती लेप साचून सारखाच शोथ उत्पन्न झाला.

दात व खुंट यांतील रचनाभेद : शोथाचे कारण एक असले, तरी परिणाम सारखा नसतो. नैसर्गिक दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा कठीण थर असतो. त्यात रुतलेले कोलॅजेनाचे तंतू दाताला काटकोनात निघून हिरडीत व हाडात शिरतात आणि जंतूंच्या मार्गात जणू कुंपण घालतात. टिटॅनियमावर असा थर नसतो. त्याभोवतीचे तंतू खुंटाला समांतर धावतात. दात व हाड यांच्यामधील तंतुबंधातून हिरडीला होणारा रक्तपुरवठाही खुंटाभोवती नसतो. गोथेनबर्ग येथील यान लिंढे, टॉर्ड बेरग्लुंड व त्यांचे सहकारी यांनी १९९१ व १९९२ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हा भेद स्पष्ट केला. दाताभोवतीचा शोथ निरोगी तंतुमय पट्ट्यामुळे हाडापासून वेगळा राहिला. खुंटाभोवतीचा शोथ मात्र थेट अस्थिमज्जेपर्यंत (हाडाच्या पोकळीतील मऊ ऊतकापर्यंत) पोहोचला. मानवांवरील २०१२ च्या प्रयोगात तीन आठवडे साचलेला लेप काढून पुढील तीन आठवडे उत्तम स्वच्छता ठेवूनही खुंटांभोवतीची हिरडी पूर्णपणे मूळ स्थितीस आली नाही. खुंट हलू लागेपर्यंत रुग्णास बहुधा वेदना होत नाहीत. त्यामुळे विकार पुष्कळ वाढेपर्यंत लक्षात येत नाही.

सूक्ष्मजंतूंचे मूळ स्थान : शस्त्रक्रियेच्या वेळी खुंट निर्जंतुक असतो. तो मुखात उघडा ठेवल्यास अवघ्या ३० मिनिटांत त्यावर जंतू आढळतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. हे जंतू लाळेतून व शेजारच्या दातांच्या कडांमधून येतात. सर्व दात काढलेल्या मुखातून पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारखे रोगकारक जंतू नाहीसे होतात, असा निष्कर्ष १९९० नंतरच्या दशकातील संवर्धनाच्या (प्रयोगशाळेत जंतू वाढविण्याच्या) पद्धतींनी काढण्यात आला होता. बेल्जियममधील लव्हेन येथे जंतूंचे डीएनए मोजण्याच्या अधिक संवेदनशील पद्धतीने २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात तो टिकला नाही. दात काढल्यावर या जंतूंची संख्या घटते. पण जीभ, लाळ व मुखाच्या अस्तरावर ते शिल्लक राहतात.

या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. दंतरोपण करून घेणाऱ्यांपैकी अनेकांनी आपले दात हिरड्यांच्या रोगानेच गमावलेले असतात. ज्या जंतूंमुळे पहिला दात गेला, तेच दुसऱ्याच्या कडेला पुन्हा जमतात. बर्न येथील दहा वर्षांच्या पाहणीत (२००३) हिरड्यांच्या दीर्घकालीन रोगाने दात गमावलेल्यांच्या २१ खुंटांपैकी २८·६ टक्के खुंटांभोवती परिरोपण शोथ झाला. इतरांच्या ९१ खुंटांत हे प्रमाण ५·८ टक्के होते. पाहणी लहान होती. पण हिरड्यांच्या रोगाचा पूर्वेतिहास हा या विकाराचा प्रमुख धोका होय, हे नंतरच्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसून आले. मुखाची अपुरी स्वच्छता व नियमित तपासणीचा अभाव हे इतर महत्त्वाचे धोके होत. कृत्रिम दात चिकटविताना हिरडीखाली राहिलेले सिमेंट किंवा घासणे अशक्य व्हावे अशी दाताची घडण यांमुळेही लेप साचतो.

विकाराचे प्रमाण : हा विकार किती जणांस होतो, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून राहिले. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये घेण्यात आला. त्यात श्लेष्मकलाशोथाचे प्रमाण १९ ते ६५ टक्के (सरासरी ४३) व परिरोपण शोथाचे १ ते ४७ टक्के (सरासरी २२) असे आढळले. स्वीडनमध्ये शासकीय विमा नोंदींतून निवडलेल्या ५८८ रुग्णांची दंतरोपणानंतर नऊ वर्षांनी तपासणी झाली (२०१६). रक्तस्राव व अर्ध्या मिमी. हून अधिक झीज ही कसोटी लावता ४५ टक्के रुग्णांत परिरोपण शोथ होता; दोन मिमी. हून अधिक झीज ही कसोटी लावता हे प्रमाण १४·५ टक्के भरले. निवडक रुग्णालयांच्या अहवालांपेक्षा सर्वसाधारण समाजातील स्थिती गंभीर आहे, याची जाणीव या पाहणीने झाली. शिकागो येथील २०१७ च्या जागतिक कार्यशाळेने एक समान व्याख्या ठरविली. तीनुसार हिरडीची खोली मोजताना रक्त किंवा पू येणे, पूर्वीपेक्षा खोली वाढणे व प्रारंभीच्या स्वाभाविक बदलापलीकडे हाड झिजणे ही लक्षणे आवश्यक मानतात. पूर्वीच्या नोंदी नसल्यास किमान ६ मिमी. खोली व ३ मिमी. हाडाची झीज ग्राह्य धरतात. या कसोटीमुळे दंतरोपणानंतर लगेच काढलेल्या क्ष-किरण चित्राचे महत्त्व वाढले.

मतभेद : हाडाची झीज सर्वस्वी जंतूंमुळे होते, हे सर्वांस मान्य नाही. ब्रोनेमार्क यांचे सहकारी टोमास आल्ब्रेक्टसन यांनी २०१४ पासून असे प्रतिपादन केले की, टिटॅनियम हा शरीराच्या दृष्टीने परकीय पदार्थच असतो. अस्थिसंधान म्हणजे शरीराने त्यास हाडाच्या भिंतीआड कोंडण्याची क्रिया होय. हा तोल ढळला की हाड झिजते व जंतुसंसर्ग त्यानंतर होतो. खुंटापासून सुटणारे टिटॅनियमाचे सूक्ष्म कणही शोथ झालेल्या ऊतकात आढळतात. मात्र ते शोथाचे कारण की परिणाम, हे निश्चित झालेले नाही. जंतूंच्या बाबतीतही चित्र साधे राहिलेले नाही. डीएनएचे अनुक्रम वाचण्याच्या २०१० नंतरच्या पद्धतींनी पाहता खुंटाभोवतीची जंतुसृष्टी शेजारच्या दाताभोवतीच्या जंतुसृष्टीशी पूर्णपणे जुळत नाही. टिटॅनियमावर सहज चिकटणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस काही रुग्णांत सापडतो. पण सर्वत्र नाही. तथापि लेप काढला असता बहुसंख्य रुग्णांत शोथ ओसरतो. म्हणून सूक्ष्मजंतूंचा थर हेच प्रमुख कारण मानून उपचार केले जातात.

लाळेची परीक्षा : लाळ वेदनेविना व सहज मिळते. त्यामुळे तिच्या तपासणीने विकार लवकर ओळखता येईल, अशी अपेक्षा निर्माण झाली. रोगकारक जातींचे डीएनए, शोथजन्य प्रथिने आणि कोलॅजेनाचे विघटन करणारी एंझाइमे यांचे मापन करण्याच्या पद्धती शोधण्यात आल्या. फिनलंडमधील हेल्सिंकी येथे टिमो सोर्सा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून अशा एका एंझाइमाची दंतवैद्याच्या खुर्चीजवळच करता येणारी चाचणी तयार झाली. परंतु लाळेत सर्व मुखाचे स्राव एकत्र मिसळतात. नैसर्गिक दातांभोवतीच्या शोथामुळेही ही द्रव्ये वाढतात आणि कोणता खुंट आजारी आहे, ते लाळेवरून कळत नाही. खुंटालगतच्या फटीतील द्रव तपासल्यास जागा समजते. तरी सलाईने खोली मोजणे व क्ष-किरण चित्र यांची जागा कोणतीही चाचणी घेऊ शकलेली नाही. व्यक्तीला असलेल्या धोक्याचा अंदाज घेण्यास लाळेची परीक्षा साहाय्यभूत ठरते, निदानास ती एकटी पुरत नाही.

प्रतिबंध व उपचार : लेव्हेनहूक यांनी व्हिनेगराविषयी नोंदविलेली अडचण उपचारांतही कायम राहिली. जंतुनाशक चुळांनी थराचा पृष्ठभाग धुतला जातो, थर निघत नाही. प्रतिजैव औषधेही त्याच्या तळाशी पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून लेप व कीटण यांत्रिक रीत्या काढणे हा उपचाराचा पाया होय. खुंटाचे पेच व मुद्दाम खरखरीत केलेला पृष्ठभाग हाडाशी सांधा जुळण्यास उपकारक असतात. पण हाड झिजून ते उघडे पडले, म्हणजे तेच जंतूंना आसरा देतात व साफ करणे अवघड होते. श्लेष्मकलाशोथ योग्य स्वच्छतेने बरा होऊ शकतो. परिरोपण शोथात प्रथम हिरडीखालील सफाई करतात व ती अपुरी पडल्यास शस्त्रक्रियेने हिरडी उचलून खुंट साफ करतात. काही वेळा झिजलेल्या जागी हाडाचे रोपण करतात. यूरोपीय परिदंत महासंघाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत याच क्रमाचा पुरस्कार केला असून शस्त्रक्रियेविना होणाऱ्या सफाईच्या जोडीला पोटातून प्रतिजैव औषधे सरसकट देऊ नयेत, असे म्हटले आहे. उपचारानंतरही विकार उलटणे असामान्य नाही व काही खुंट काढावे लागतात.

यामुळे प्रतिबंधास सर्वाधिक महत्त्व आहे. दंतरोपणापूर्वी उरलेल्या दातांच्या हिरड्यांचा रोग बरा करणे, तंबाखूचे धूम्रपान सोडणे, ज्याभोवती लहान ब्रश फिरू शकेल अशीच कृत्रिम दाताची घडण ठेवणे व ठराविक काळाने तपासणी करवून घेणे, या गोष्टी आवश्यक मानल्या जातात. वार्धक्याने, पक्षाघाताने किंवा स्मृतिभ्रंशाने स्वतःचे दात घासणे अशक्य झालेल्या व्यक्तींच्या मुखातील खुंटांची निगा हा दंतरोपणाच्या प्रसाराबरोबर वाढत गेलेला प्रश्न आहे. कारण चाळिशी-पन्नाशीत बसविलेला खुंट रुग्णाच्या हातातील बळ ओसरल्यावरही जबड्यात तसाच राहतो. अशा व्यक्तींच्या बाबतीत खुंटाचे आयुष्य शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती असते.